15 फेरे म्हणजे पाव गोधडी नव्हे

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आजी गेल्यावर तिच्या साड्यांची गोधडी करायला घेतली, मार्चमध्ये पहिला टाका घातला, दिवाळी उलटली तरी 60 पैकी 15च फेरे झाले. येत्या मार्चअखेर बाबांची एकसष्टी आहे आणि गोधडी त्यांच्या अंगावर घालायची आहे. शिवाय मॅटी कापडावरचा क्रॉसस्टिचचा टेबलक्लॉथ आणि कशिद्याचा एक ब्लाउजपीस कपाटात अर्धवट पडलेत. "आठ महिन्यांत पाव काम, म्हणजे अजून दोन वर्षं. माझ्यात चिकाटीच नाही का? रोज किती वेळ बसावं?" असं तुम्ही विचारलंय.

चिकाटीचं नंतर बघू. आधी हिशोब, कारण तो चुकलाय आणि त्या चुकीनंच तुमचा जीव अर्धा केलाय.

तुमची गोधडी 5 फूट बाय 7 फूट, फेऱ्यांमधलं अंतर अर्धा इंच, आणि शिवण कडेकडून आत येणारी. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गोधड्या अशाच असतात. पहिला फेरा म्हणजे गोधडीचा अख्खा घेर, 288 इंच. फूटपट्टीनं 24 फूट. प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा 4 इंचांनी लहान होत जातो. शेवटचा, साठावा फेरा फक्त 52 इंचांचा असतो. सगळ्या फेऱ्यांची बेरीज केली तर 10,200 इंच धावदोरा होतो. तुमचे 15 फेरे सगळ्यात लांब असलेले आहेत, त्यांचे 3,900 इंच झाले. म्हणजे काम पाव नाही, शेकड्याला 38 झालंय. अजून 6 फेरे घातलेत की निम्मी गोधडी हातावेगळी झाली.

हे गणित मला कुणी शिकवलं नव्हतं. मी पहिली गोधडी शिवली तेव्हा पहिल्या दहा फेऱ्यांत रडकुंडीला आले होते आणि शेवटचे दहा फेरे एका आठवड्यात झाले, तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. फेरे मोजणं हा गोधडीत स्वतःला फसवायचा उत्तम मार्ग आहे. सुरुवातीला ते काम कमी दाखवतात, शेवटी जास्त.

म्हणून मी दोरे मोजते. गजभर, म्हणजे 36 इंच दुहेरी दोरा सुईत असला, की टाक्यांची वळणं आणि गाठीची शेपटं वजा जाता साधारण 28 इंच शिवण होते. तुमची उरलेली 6,300 इंच शिवण म्हणजे 225 दोरे. नवख्या हाताला एका दोऱ्याला 10 मिनिटं लागतात, सरावलेल्याला पाच-सहा. रोज 3 दोरे घातले तर अर्धा तास. 75 बैठकांत काम संपलं. आठवड्यातले दोन दिवस पाहुणे, आजारपण, लग्नकार्य यांत बुडणारच, तेव्हा पाचच दिवस धरा. 15 आठवडे. आज नोव्हेंबरचा मध्य आहे, म्हणजे फेब्रुवारीअखेर. बसतंय.

रोज तीन दोरे रिळावरून आधीच कापून, सुईत ओवून टाचण्यांच्या उशीला टोचून ठेवा. तीन संपले की उठायचं. हौसेनं सात घालू नका, कारण दुसऱ्या दिवशी अंगठा दुखतो, आणि अंगठा दुखला की चार दिवस गोधडीकडे बघावंसं वाटत नाही.

आता तुमचा वेग इतका कमी का पडला, त्याकडे येते. तुम्ही ओझरतं लिहिलंय की पाठीला "छान घट्ट विणीची नवी चादर" लावली. ताई, निम्मं दुखणं तिथं आहे. पलंगावर अंथरायला घट्ट वीण चांगली, हातशिलाईला ती वैरीण. सुईला सूत बाजूला सारून वाट काढावी लागते, आणि घट्ट विणीत सूत सरकत नाही. जुन्या बायका पाठीला जुनं लुगडं किंवा धुऊन मऊ केलेला मांजरपाट घालायच्या, ते काही केवळ काटकसरीसाठी नव्हतं. त्यातून सुई लोण्यासारखी जाते. त्यात नव्या चादरीची खळ निघाली नसेल तर विचारूच नका. आता 15 फेरे झाल्यावर चादर बदलायला मी सांगणार नाही, उसवण्यात आणखी दोन महिने जातील. पण एक करता येईल. गोधडीचा मधला, न शिवलेला भाग उलट्या बाजूनं ओल्या पंचानं चांगला पुसून घ्या, दोन-तीनदा, आणि सावलीत वाळवा. सगळी नाही तरी बरीच खळ उतरते. फरक पहिल्याच दोऱ्याला कळेल.

दुसरं, सुई. तुम्ही कुठली वापरताय ते लिहिलं नाहीत, पण "सुई ओढताना बोटं सोलतात" या वाक्यावरून अंदाज येतो, की गोधडी म्हणून मोठी जाड सुई घेतली असणार. सगळेच तसं करतात. जाड सुई जाड कापडाला हा तर्क पोत्याला ठीक आहे, तिथं दाभण लागतोच. पाच थर सुती कापडाला बारीक, मजबूत, लांबीला मध्यम सुई घ्या. सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. 7 नंबरनं सुरुवात करा, दोरा ओवता आला तर 8. सुई बोथट झाली की टाकून द्या, एका गोधडीला माझ्या सहा-सात सुया जातात. मधल्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे शिवणाची टोपी घाला. पहिले दोन दिवस ते परक्याचं बोट लावल्यासारखं वाटतं, तिसऱ्या दिवशी त्याच्याशिवाय चालत नाही. आणि अडकलेली सुई ओढायला सायकलच्या जुन्या ट्यूबचा रुपयाएवढा तुकडा जवळ ठेवा. दातानं ओढू नका, मी ओढलेली आहे, दंतवैद्याचं बिल गोधडीपेक्षा महाग पडलं.

तिसरं, दोरा. पुन्हा पुन्हा ओवायचा कंटाळा म्हणून तुम्ही दोन-अडीच गज दोरा घेत असाल. आमच्या सासूबाई अशा दोऱ्याला "वेसण" म्हणायच्या. लांब दोरा प्रत्येक टाक्याला पूर्ण ओढून घ्यावा लागतो, हात डोक्यावरून जातो, दोरा पिळतो, गाठी पडतात, आणि शेवटचा हातभर दोरा कापडातून शंभर वेळा गेल्यानं पिंजारतो. गजभरच घ्या. त्यावर मेणबत्ती नव्हे, मधमाश्यांचं मेण एकदा फिरवा.

हे तीन बदल केलेत तर 10 मिनिटांचा दोरा पंधरा दिवसांत 7 मिनिटांवर येईल. माझ्याकडे शिकायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकीचा आला.

पण खरं सांगू का, मला वाटतं तुमची गोधडी सुईमुळे अडलेली नाही. तुमच्या प्रश्नात शेवटून दुसरं वाक्य आहे, जाता जाता लिहिल्यासारखं. मधल्या चौकोनात आजीच्या इरकलीचा पदर लावायचा की नाही ते ठरत नाही, कात्री लावायला हात धजत नाही. अडलंय ते इथं. प्रत्येक फेरा त्या चौकोनाच्या जवळ जातोय, आणि तुम्हाला तिथं पोचायचं नाहीये. मी कितीतरी कामं अशी थबकलेली पाहिली आहेत. बाई म्हणते वेळ मिळत नाही, आणि कापड उलगडून बघितलं की कळतं, पुढचा रंग ठरलेला नाही, नाहीतर एक चूक झालीय ती उसवायची की ठेवायची हे ठरलेलं नाही. वेळ नंतर मिळतो, आधी ते ठरावं लागतं.

याबाबतीत मला कर्नाटकातल्या हल्याळ-येल्लापूरकडच्या सिद्दी या मूळच्या आफ्रिकी समाजातल्या बायकांची रीत फार शहाणपणाची वाटते. त्यांची कवंदी, म्हणजे गोधडीच, तीही कडेकडून आत येते, पण आपण वरचा तुकड्यांचा थर आधी जोडून घेतो, तसं त्या करत नाहीत. तुकडा ठेवायचा, कड दुमडायची, शिवत पुढं जायचं, मग पुढचा तुकडा. मधोमध काय येणार ते मधोमध पोचल्यावर ठरतं. शेवटी चार कोपऱ्यांना तुकड्यांच्या त्रिकोणी घड्या लावतात, त्यांना फुलं म्हणतात.

तुमचा वरचा थर तयार आहे, तरी ही युक्ती उसनी घेता येते. पदर हा थरात घालायचाच नाही. तो ठिगळ म्हणून वरून बसवायचा. आज कापू नका. 40वा फेरा होईपर्यंत थांबा. तेव्हा मध्ये 21 बाय 45 इंचांची मोकळी जागा उरलेली असेल. पदर त्यावर नुसता अंथरून दोन दिवस बघा. लावावासा वाटला तर चारही बाजूंनी अर्धा इंच आत दुमडून कच्च्या टाक्यांनी बसवा, आणि पुढचे फेरे त्याच्यावरूनच जाऊ द्या. नको वाटला तर घडी करून परत कपाटात. एवढं मात्र आजच ठरवून टाका, की 40व्या फेऱ्यापर्यंत हा विषय बंद.

मध्यावर येणारं दुसरं संकट म्हणजे फुगा. कडेकडून आत शिवताना प्रत्येक फेरा थोडं थोडं ढिलं कापड आत ढकलतो, आणि शेवटी सगळी ढिलाई मधोमध साचते. माझ्या पहिल्या गोधडीत तर मी आणखी एक पराक्रम केला होता. पाचवारीचा पन्हा साधारण 45 इंच, त्यामुळे 7 फूट लांबी भरायला दोन तुकडे काठाला काठ लावून जोडावे लागतात. मी तिन्ही थरांचे जोड बरोबर एकावर एक आणले. सहा काठ एका जागी! मध्यापाशी तीन सुया मोडल्या, गोधडी चिडून माळ्यावर टाकली आणि ती चार वर्षांनी खाली आली. फुगा चिमटीत धरून दुमडला, वर निळं ठिगळ लावलं. लोक त्या ठिगळाचंच कौतुक करतात.

तुम्ही थर कसे घातलेत ते मला दिसत नाही, म्हणून आज एक तपासणी करा. गोधडी फरशीवर पसरा, गुडघ्यावर बसा, आणि शिवलेल्या कडेपासून मध्याकडे तळवा दाबून फिरवा. पुढं बारीकशी लाट सरकली तर काळजी नाही. बोटभर उंच लाट उभी राहिली तर आताच आवरा. मध्यबिंदूपासून 15व्या फेऱ्यापर्यंत अधिक चिन्हासारख्या चार ओळी कच्च्या टाक्यांच्या घाला, मग त्यांच्यामध्ये वीतभर अंतरानं आणखी. लांब टाके, रंगीत दोरा, नंतर काढता येईल असा. कच्चे टाके मात्र नेहमी मध्यापासून बाहेर, म्हणजे ढिलाई एका जागी न राहता सगळीकडे वाटली जाते. या कामाला एक दुपार जाईल आणि त्या दिवशी एकही दोरा मोजता येणार नाही. जाऊ दे. त्या दुपारीही गोधडी पुढंच गेली म्हणायची.

काही बाबतींत मी दुरून बोलू शकत नाही. तुमचे डोळे कसे आहेत, मनगट दुखतं का, घरात रांगतं मूल आहे का, नोकरीहून किती वाजता येता. रांगतं मूल असेल तर जमिनीवर पसरून शिवणं विसरा, आणि सुया मोजून काढा, मोजून ठेवा. दोन काढल्या, दोन ठेवल्या. गोधडीत हरवलेली सुई माणूस झोपल्यावरच सापडते.

वेळ कमी पडलाच तर पळवाट आहे. संक्रांतीपर्यंत 32वा फेरा ओलांडलेला नसेल, तर तिथून पुढं अंतर अर्ध्याऐवजी एक इंच करा. राहिलेली शिवण निम्म्यावर येते. आत जुन्या कपड्यांचे लहान लहान तुकडे भरलेले असते तर मी हे सांगितलं नसतं, कारण विरळ टाक्यांत तुकडे धुताना सरकतात आणि गोळा होतात. तुमच्या आत साड्यांचे सलग थर आहेत, ते इंचाच्या अंतरानं नीट धरले जातील. दिसायला मात्र बदल दिसेल, तो लपत नाही. माझं मत विचाराल तर अर्धा इंचच ठेवा आणि माणूस वाढवा. पूर्वी चार बाजूंना चौघी बसायच्या. उन्हाळ्यात, शेतातली कामं थांबलेली असताना, दुपारच्या वेळी एकीची गोधडी झाली की दुसरीची. एकटीनं आठ महिने गोधडी ओढायची ही आपली शहरातली रीत. तुमच्या आत्या आहेत ना? त्यांच्याही आईच्या साड्या आहेत या. दोन रविवार बोलवा. टाका वेगळा पडेल, लांबडा पडेल, पडू दे. उसवायचा तर अजिबात नाही. गोधडीत हातभर लांबून न दिसणारी चूक ही चूक नव्हे.

हा नियम कशिद्याला लावू नका, तिथं उलट आहे. सुतं मोजून घालायच्या कामात एक सूत चुकलं तर पुढची सगळी नक्षी तिरकी जाते, तेव्हा दिसल्या क्षणी उसवा. तुमचा ब्लाउजपीस काळ्या इरकलीच्या कापडावर आहे आणि गवंती टाका आहे असं लिहिलंय. गवंतीत सुई एकदा धावदोऱ्यानं पुढं जाते आणि परतीच्या वाटेवर मोकळ्या जागा भरत येते, म्हणून तो दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. जाताना काम थांबवलं तर परत आल्यावर कुठून वळायचं होतं तेच आठवत नाही. तुमचं तिथंच झालं असणार. म्हणून एक दिवस, सकाळच्या उजेडात (काळ्यावर दिव्याखाली काम करू नका, डोळ्यांशी वैर कशाला), ती अर्धी राहिलेली फेरी परत आणून पूर्ण करा. आराखड्यावर पेन्सिलीनं खूण करा, आणि मार्चनंतरच उघडायचं म्हणून बांधून ठेवा. परतीची फेरी पूर्ण झालेलं काम सहा महिने थांबलं तरी बिघडत नाही.

टेबलक्लॉथ? तुमच्या लिहिण्यात त्याच्याबद्दल एकही शब्द मायेचा नाही. "घेतला होता म्हणून" असं लिहिलंय. खुशाल सोडा. झालेले दोन कोपरे कापून, कडा दुमडून ट्रेवरचे रुमाल करा, उरलेलं मॅटी कुणा शिकणाऱ्या मुलीला द्या. अर्धवट काम कपाटात असलं की दुसरं हातात घेताना ते पाठीमागून बघत राहतं. आणि ठेवायचाच असेल तर आधी भरतकामाची रिंग काढा. महिनोन्महिने रिंग अडकवून ठेवलेल्या कापडावर जो गोल वळ उठतो, तो धुऊनही सहज जात नाही. लडीवरचा शेड नंबरचा कागदही जपा. आणि मॅटीवर परत हात घालायच्या वेळी वरचा तिरका टाका कुठल्या बाजूनं पडत होता ते आधी बघून घ्या, नाहीतर जुना भाग आणि नवा भाग उजेडात वेगवेगळे चमकतात.

तर सध्या रोजचे तीन दोरे फक्त गोधडीचे. कशिदा बांधून ठेवलेला, टेबलक्लॉथ निकालात. रिकामी झालेली रिळं एका डब्यात टाकत जा, आणि दर सोमवारी जिथून सुरुवात कराल तिथं कडेला लाल दोऱ्याची एक सैल गाठ मारा. दोन गाठींमधलं अंतर सुरुवातीला कमी दिसेल, जानेवारीत तुम्हीच फोटो टाकाल.

आणि पदर लावायचं ठरलंच, तर कात्रीच्या आधी एक काम. पदर लाल असणार, इरकलीचा बहुधा असतोच. त्याचा एक कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर जोरात घासा. लाल उतरला तर पदर थंड पाण्यात मिठाबरोबर भिजवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत पाणी बदला, सावलीत वाळवा, आणि पुन्हा फडक्यावर घासून बघा. तरीही उतरत असेल तर तो गोधडीवर घेऊ नका. पहिल्याच धुण्यात आजूबाजूची पांढरी ठिगळं गुलाबी होतील, आणि तुमच्या वरच्या थरात पांढरी बरीच आहेत.